चौथ्या अर्जाचं शिफारसपत्र

रक्त घेणाऱ्या बाईला सगळे ताई म्हणतात. सत्तरीचे आजोबा म्हणतात, चार वर्षांचं पोर रडता रडता म्हणतं, आणि एरवी कुणाला मोजत नाहीत असे साहेब लोकही बाही वर करताना "ताई, जरा हळू हं" म्हणून गयावया करतात. आपली ही ताई एकोणतीस वर्षांची होती. सहा वर्षं ती रुग्णालयाच्या तळमजल्यावर, रक्ततपासणी विभागात, सकाळी सात ते दुपारी तीन रक्त घेत होती. दिवसाला साठेक माणसं. ज्यांची शीर शोधता शोधता इतरांच्या नाकीनऊ यायचे, ती माणसं गुपचूप तिच्या रांगेत येऊन बसायची.

आणि तिला डॉक्टर व्हायचं होतं.

हे काही गुपित नव्हतं. तीन वेळा अर्ज करून तीन वेळा नकार आला की माणसाची इच्छा चव्हाट्यावर येतेच. लेखी परीक्षेत ती दर वेळी पास व्हायची, तेही चांगल्या गुणांनी. घोडं अडायचं मुलाखतीत. समोर तीन माणसं बसायची, गोड बोलायची, पाणी विचारायची, आणि तीन आठवड्यांनी नकाराचं पत्र यायचं. "आम्हाला खेद वाटतो" हे वाक्य तिन्ही पत्रांत एकाच जागी होतं, वरून चौथ्या ओळीत. खेद वाटून घेणाऱ्यांनी निदान ओळ तरी बदलायची.

यंदाची खेप चौथी आणि शेवटची. महाविद्यालयाचा नियमच तसा होता, चार वेळा अर्ज करा, पाचव्यांदा तोंड दाखवू नका. "हा नियम करणारा पहिल्याच फटक्यात पास झालेला असणार," असं तिची आई म्हणायची. आई घरी शिवणकाम करायची, लोकांचे कपडे सैल-घट्ट करून द्यायची, आणि तोंडात टाचण्या धरलेल्या असल्या तरी तिचं तोंड काही बंद नसायचं.

अर्जासोबत एक शिफारसपत्र लागायचं. ज्यांच्या हाताखाली काम केलं त्यांनी ते लिहायचं, पाकीट बंद करायचं आणि जोडावर सही करायची, म्हणजे उमेदवारानं मध्येच उघडून वाचायला नको. तिन्ही वर्षं हे पत्र मोठ्या सरांनी दिलं होतं. मोठे सर म्हणजे विभागाचे प्रमुख, साठी ओलांडलेले डॉक्टर, सूक्ष्मदर्शकावर वाकून वाकून पाठीला कायमचा बाक आलेला. खोटं कधी बोलायचं नाही आणि खरंसुद्धा फार बोलायचं नाही, असा माणूस. कुणाचं काम आवडलं तर "हं" म्हणायचे. सहा वर्षांत ताईच्या वाट्याला असे चार-पाच हं आले होते आणि तिला त्यांच्या तारखा पाठ होत्या.

दर वर्षी ती सरांच्या दारात उभी राहून म्हणायची, "सर, ते पत्र पाहिजे होतं." रजेचा अर्ज पुढे करावा तसं. सर मान हलवायचे, टायपिस्ट बाईंना सांगायचे आणि दोन दिवसांनी बंद पाकीट हातात यायचं. यंदा टायपिस्ट बाई बाळंतपणाच्या रजेवर होत्या आणि सरांच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला जेमतेम नऊ दिवस झाले होते. काळा चष्मा लावून ते खुर्चीत बसले होते, आणि एवढे गंभीर दिसत होते की हसूच यावं.

"बस तिथे," कॉम्प्युटरकडे बोट करून ते म्हणाले. "मी सांगतो, तू टाइप कर."

"मी? सर, उमेदवारानं ते बघायचं नसतं."

"तुझ्यापासून काय लपवायचंय? वाईट थोडंच लिहिणार आहे. दर वर्षीचंच पत्र आहे, पाठ आहे मला."

ताई बसली. सर सांगू लागले, एकेक शब्द सुटा सुटा. कामाची वेळ हिनं एकदाही चुकवली नाही. कठीणातली कठीण शीर हिला पहिल्या टोचणीत सापडते. हिच्या हातून नळ्यांची अदलाबदल एकदाही झालेली नाही. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत असा हात मी दुसरा पाहिला नाही.

ताईला पुढची अक्षरं दिसेनात. ज्या माणसाकडून वर्षाला एक हं मिळायची मारामार, त्याच्या मनात आपल्याबद्दल एवढं साठलेलं होतं आणि आपल्याला पत्ता नाही. तिनं बाहीनं डोळे पुसले. सरांना काळ्या चष्म्यातून काही दिसत नव्हतं ते बरंच झालं.

"पुढे लिही," सर म्हणाले. "ही ज्या दिवशी रजेवर असते त्या दिवशी विभाग पांगळा होतो. हिची जागा भरून काढणारं माणूस मिळणं अशक्य आहे. ही आहे म्हणून आमचा विभाग चालतो. झालं. खाली माझं नाव."

ताईची बोटं थांबली. मागच्या वर्षीच्या मुलाखतीत अध्यक्ष बाईंनी तिला विचारलं होतं, "तिथे तुमच्याशिवाय कसं चालेल हो?" तेव्हा हा नेहमीचा गोड प्रश्न असेल असं समजून तीही गोड हसली होती, आणि "घेतील चालवून" म्हणाली होती. त्याच्या आदल्या वर्षी एक टकले गृहस्थ म्हणाले होते, इतकं चांगलं जमलेलं काम सोडून कशाला येता. पहिल्या वर्षीही कुणीतरी असंच काहीसं. तीन वर्षं ती घरी येऊन विचार करत बसायची की आपलं कुठे चुकलं, साडी नेसायला हवी होती का, आवाज बारीक निघाला का. आणि चुकत होतं ते या पाकिटात, तिनं स्वतःच्या हातानं नेऊन दिलेल्या.

"सर, दर वर्षी हेच लिहिलंत?"

"शब्दसुद्धा बदलला नाही. का? कमी पडलं?"

"तुम्ही माझी नोकरीसाठी शिफारस केलीत. नोकरी तर माझ्याकडे आहे."

सरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "मी कुणाबद्दल आजवर असं लिहिलेलं नाही."

"म्हणूनच. हे वाचून कोण मला इथून उठवेल? मीसुद्धा उठवलं नसतं."

"मग काय लिहू?" सर चिडून म्हणाले. "तू डॉक्टर चांगली होशील असं लिहू? मला काय ठाऊक? मी तुला रक्त घेताना पाहिलंय. जे पाहिलं ते लिहिलं. जे पाहिलं नाही ते मी लिहीत नाही."

हे ऐकून ताईनं काय केलं असेल? पत्र तसंच अर्धवट ठेवलं, कॉम्प्युटर बंद केला, खुर्ची नीट आत सरकवली आणि निघून गेली. रागातही खुर्ची आत सरकवणाऱ्या माणसांचं कठीण असतं. त्यांचा राग कुणाच्या लक्षातच येत नाही.

घरी आईनं तिचा चेहरा पाहिला आणि मशीन थांबवलं. सगळं ऐकून घेतलं. ताईला वाटलं होतं, आई आता सरांचा उद्धार करेल, आणि ते ऐकायला तिचा जीव आसुसलेला होता. पण आई म्हणाली, "त्यांचं काय चुकलं?"

"आई, तू पण?"

"अगं, गिऱ्हाईक कपडा टाकून नुसतं 'शिवून ठेवा' म्हणून गेलं, तर मी काय शिवू? तू त्यांना कधी सांगितलंस, तुला डॉक्टर कशाला व्हायचंय ते?"

"अर्जात सगळं लिहिते की."

"अर्ज ते वाचतात होय? आणि मला तरी कुठे सांगितलंस? तीन वर्षं बघतेय, नकार आला की भांडी घासायला बसतेस. स्वच्छ भांडीसुद्धा. मी आपली गप्प राहते. विचारलं तर रडशील, अशी भीती वाटते." आईनं टाचण्यांची डबी उगाचच उघडली, मिटली. "मला त्यांचा राग नाही येत. तुझाच येतो कधीकधी."

ताईला ते फार लागलं. लागलं, कारण खरं होतं. इच्छा एवढी मोठी होती की ती मोठ्यानं बोलायची तिला लाज वाटत होती. रक्त घेणारी बाई डॉक्टर होणार, असं म्हणताना तिला स्वतःचाच आवाज आगाऊ वाटायचा. म्हणून मग नुसतं, "सर, ते पत्र पाहिजे होतं."

दुसऱ्या दिवशी तीन वाजता काम संपल्यावर ती सरांच्या खोलीत गेली आणि न विचारता समोर बसली. सहा वर्षांत पहिल्यांदा.

"सर, मी रोज साठ माणसांचं रक्त घेते. नळी वर प्रयोगशाळेत जाते आणि माणूस दाराबाहेर जातो. पुढे त्याचं काय झालं ते मला कळत नाही. कुणी मला सांगत नाही, आणि सांगायचं कारणही नाही. पण मला ते पाहिजे असतं. इतकं पाहिजे असतं की जेवताना घास हातात राहतो. मला पुढचं पाहिजे, सर. दारापाशी थांबायचा कंटाळा आलाय मला."

ताईचं कुलूप एकदा उघडलं ते उघडलंच. म्हणाली, "नळ्यांना चिकटवायच्या लेबलांचे कागद उरतात ना, त्यांच्या मागे मी लिहून ठेवते. नाव नाही लिहीत, नुसता नंबर. आणि मला काय वाटतं ते. नखं पांढरी आहेत, जिना चढून धाप लागलीय, हिमोग्लोबिन सातच्या खाली असेल. असं. संध्याकाळी रिपोर्टांच्या गठ्ठ्यात बघते, बरोबर आलं का."

"रिपोर्ट बघायची तुला परवानगी नाही."

"माहीत आहे."

"किती वर्षं चाललंय हे?"

"पाच."

"बरोबर किती येतात?"

"पहिल्या वर्षी दहात तीन यायचे. आता सात येतात. पण न आलेले तीनच डोक्यात राहतात. आणि काही माणसांचा रिपोर्टच येईनासा होतो. ती पिवळ्या स्वेटरवाली आठवते तुम्हाला? दर गुरुवारी यायची, आठ महिने. औषधांनी शिरा सगळ्या करपून गेल्या होत्या, तरी मला म्हणायची, ताई, तुम्ही जेवलात का. एक दिवस यायचीच थांबली. वर्ष झालं. गुरुवार आला की मी अजून दाराकडे बघते. मी तिला मनात पोचवून आलेय, सर, एकटीच. कुणाला विचारू?"

सरांनी काळा चष्मा काढला. डोळे लाल होते, पाण्यानं भरलेले, ऑपरेशनमुळेही असतील. म्हणाले, "ती बरी झाली."

"काय?"

"बरी झाली म्हणून येत नाही. शेवटच्या रिपोर्टवर मीच सही केली. सगळं स्वच्छ होतं. त्या गुरुवारी तू नव्हतीस. मुलाखतीला गेली होतीस बहुतेक."

ताईनं तोंडावर हात दाबला. वर्षभर एका जिवंत बाईसाठी ती मनातल्या मनात रडली होती. आणि वरच्या मजल्यावर सगळ्यांना ठाऊक होतं, लिफ्टवाल्यालासुद्धा ठाऊक असेल, फक्त आठ महिने त्या हाताची शीर शोधणाऱ्या बाईला कुणी चार शब्द सांगितले नव्हते. तिला हसूही येत होतं आणि हुंदकाही आवरत नव्हता. सरांनी पाण्याचा ग्लास पुढे सरकवला, तो अंदाज चुकून टेबलावर सांडला, आणि दोघांनी मिळून ते पाणी कागदानं पुसलं.

"ते लेबलांचे कागद आहेत अजून?" सरांनी विचारलं.

"बिस्किटांच्या डब्यात. दोन डबे भरलेत."

"उद्या घेऊन ये."

डबे सरांच्या खोलीत गेले आणि तिथेच राहिले. अर्जाची शेवटची तारीख जवळ येत चालली तरी पत्राचं नाव नाही. ताईचा जीव टांगणीला लागला. विचारायचं तर कसं, आधीच एवढं बोलून बसलेली. अशात एका सकाळी विभागाच्या फळ्यावर जाहिरात लागली. रक्त घेण्यासाठी अनुभवी माणूस पाहिजे, एक जागा. विभागात दोनच जागा होत्या. दुसऱ्या टेबलावरचा गडी काही कुठे जाणार नव्हता, त्यानं तर नुकतीच तिथे स्वतःसाठी गादीवाली खुर्ची आणून ठेवली होती. म्हणजे जागा कुणाची, हे सांगायला नको.

ताई तरातरा सरांच्या खोलीत गेली. "सर, मला काढताय?"

"पत्रात लिहिलंय की हिच्या जागी माणूस घेतलं आहे, त्यामुळे हिला सोडायला विभागाची हरकत नाही," सर शांतपणे म्हणाले. "घेतलं नाही तर ते खोटं होईल. म्हणून पाकीट अजून बंद केलं नाही."

"आणि प्रवेश नाही मिळाला तर?"

"तर तू मला शिव्या घाल. मी ऐकून घेईन. पण तीन वर्षं मी तुझा हात धरून ठेवला, ते मला आता कळलंय. आधी हात सोडतो, मग पत्र देतो."

आईला हे सांगितलं तेव्हा तिच्या तोंडातून टाचणी खाली पडली. "म्हातारा खुळावला," ती म्हणाली. मग टाचणी शोधत शोधत म्हणाली, "पण माणूस सरळ आहे."

शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी एक नवीन बाई नेमल्या गेल्या, चाळिशीच्या, मुलं मोठी झाल्यावर पुन्हा कामाला लागलेल्या. त्याच दुपारी सरांनी पाकीट बंद करून ताईच्या हातात दिलं. जोडावरची सही तिरकी गेली होती.

मुलाखतीत त्याच अध्यक्ष बाई होत्या. त्यांनी ताईकडे पाहिलं, कागदांकडे पाहिलं. म्हणाल्या, "यंदाचं पत्र हातानं लिहिलंय. ओळी सगळ्या वरखाली."

"त्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय," ताई म्हणाली.

"पत्र वाचून दाखवायची पद्धत नाही. पण सुरुवात वाचते." बाईंनी चष्मा सारखा केला. "गेली तीन वर्षं मी तुम्हाला एका उत्तम रक्त घेणाऱ्या बाईबद्दल लिहीत होतो. तुम्ही तिला माझ्याकडेच ठेवलंत, त्यात तुमची चूक नाही. डॉक्टरबद्दल मी लिहिलंच नव्हतं. ते आता लिहितो." त्या थांबल्या. "पुढे सहा पानं आहेत. तुमचे अंदाज, आणि प्रत्येकापुढे त्यांचा शेरा. काही ठिकाणी नुसतं 'हं' लिहिलंय, ते आम्हाला कळलं नाही."

सहा पानं. त्या डोळ्यांनी.

"शेवटी लिहितात, तुमच्या जागी माणूस घेतलंय. म्हणजे इथे जमलं नाही तर?"

"तर आईच्या हाताखाली काज-बटणं करीन. वाईट करते मी, गिऱ्हाइकं तुटतील." टकले गृहस्थ हसले. ताई हसली नाही. "खरं सांगू? तेव्हा काय करीन ते मला माहीत नाही. मागच्या तीन वेळा मी इथून उठून कामावर गेले, म्हणून तुम्हाला वाटलं असेल, हिचं भागतंय. माझं भागत नव्हतं. ते फार आवडीचं काम आहे, आणि ते करताना दर दिवशी मला हेच पाहिजे होतं. एवढं पाहिजे असणं बरं नव्हे, असं वाटून मी ते कधी बोलले नाही. आज बोलते."

कुणी काही टिपून घेतलं नाही. बाई म्हणाल्या, "ठीक आहे, या तुम्ही."

अठरा दिवस ताईनं नवीन बाईंना शिकवलं. पट्टा किती आवळायचा, घाबरलेल्या माणसाला कशात गुंतवायचं, कुणाच्या मनगटाकडे आधी बघायचं. एकोणिसाव्या दिवशी पत्र आलं नाही, फोनच आला. पलीकडचा कारकून जांभई देत म्हणाला की निवड झाली आहे, फोटो चार आणा. ताईनं दोनदा विचारलं, फोटो चारच ना. दुसरं काही विचारायला सुचलं नाही. सरांना सांगायला ती वर धावली आणि दारातच थबकली. सर म्हणाले, "झालं ना?" तिनं मान हलवली. सर बराच वेळ सूक्ष्मदर्शकाच्या नळीत बघत राहिले. नळीखाली काच नव्हती.

तिच्या शेवटच्या दिवशी रांगेत निवृत्त पोस्टमन आजोबा होते. साखरेच्या तपासणीसाठी दर महिन्याला येणारे, आणि ताईशिवाय कुणापुढे हात न करणारे. आज टेबलापाशी नवीन बाई होत्या. पहिली टोचणी वाया गेली. आजोबांनी ताईकडे असं बघितलं की तिचे हात आपोआप पुढे झाले. मग तिनं ते मागे घेतले, पाठीशी एकमेकांत धरले आणि उभी राहिली. तिला वाटलं होतं त्याच्या कितीतरी पट ते जड गेलं. दुसऱ्या टोचणीला रक्त आलं.

"सोडून चाललीस म्हणे," कोपरावर कापूस दाबत आजोबा म्हणाले. "परत कधी?"

"सहा वर्षं तरी लागतील, आजोबा."

"सहा? मी आता एक्क्याऐंशीचा आहे."

"माहीत आहे. तरी थांबा," ताई म्हणाली. "मला तुम्हाला बघायचंय. नुसतं रक्त नाही, सगळं."

आजोबांनी बाही खाली केली, बटण लावलं, जरा विचार केला.

"मग माझा पहिला नंबर लिहून ठेव," ते म्हणाले. "मागनं घुसणारे फार असतात."

ताईनं कागद ओढला आणि लिहून घेतला.